मुलांच्या शाळेसाठी शहर बदलणारी आई : संत एलिझाबेथ ॲन सीटन

नवीन वर्ष उजाडले की आपल्याकडील तरुण आईवडिलांच्या बोलण्यात एक विषय हमखास येतो, तो म्हणजे मुलांची शाळा. कोणी नोकरीनिमित्त गाव सोडून मोठ्या शहरात बिऱ्हाड हलवणार असतात. घर मिळते, भाडे ठरते, सामानाचा टेम्पोही ठरतो. पण मुलाला कोणत्या शाळेत घालायचे, हा प्रश्न झोप उडवतो. चर्चची शाळा जवळ आहे का? प्रवेश मिळेल का? फी झेपेल का? तिथे मुलाच्या कानावर देवाचे नाव पडेल का? भावंडांना एकत्र राहता येईल का?

ख्रिस्तसभा ४ जानेवारी रोजी जिचा सण साजरा करते, त्या संत एलिझाबेथ ॲन सीटन हिला नेमके हेच प्रश्न पडले होते. ती काही लहानपणापासून मठात वाढलेली संत नव्हे. ती पाच मुलांची आई होती, विधवा होती, कर्जाने पोळलेल्या घरातली होती. मुलांच्या शिक्षणासाठी तिने आपले जन्माचे शहर सोडले, आणि मुलींसाठी हवी तशी शाळा सापडेना तेव्हा तिने ती स्वतःच सुरू केली. तिच्या जीवनाची ओळख आज आपण करून घेऊ या.

सुखवस्तू घरातील पोरकी मुलगी

एलिझाबेथचा जन्म २८ ऑगस्ट १७७४ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. अमेरिका तेव्हा स्वतंत्रही झाली नव्हती. तिचे वडील डॉ. रिचर्ड बेली हे नामांकित शल्यवैद्य होते. आईचे वडील अँग्लिकन पंथाचे धर्मगुरू होते. घरात पैसा होता, पुस्तके होती, मानमरातब होता. परंतु एलिझाबेथ तीन वर्षांचीही झाली नव्हती तोच तिची आई वारली. पुढच्याच वर्षी तिची धाकटी बहीणही गेली. वडिलांनी दुसरे लग्न केले. सावत्र आईशी काही तिचे जमले नाही, आणि वडील कामाच्या व्यापात. मग एलिझाबेथ आणि तिची थोरली बहीण बरीच वर्षे काकांकडे राहिल्या. आईच्या मायेला मुकलेली ही मुलगी पुस्तके, संगीत आणि प्रार्थना यांत रमू लागली. पुढे शेकडो मुलींची आई होणाऱ्या या स्त्रीचे स्वतःचे बालपण असे कोरडे गेले.

दिनांक २५ जानेवारी १७९४ रोजी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तिचा विवाह विल्यम मॅगी सीटन या तरुण व्यापाऱ्याशी झाला. सीटन घराण्याचा जहाजांनी चालणारा मोठा व्यापार होता. इटलीतील लिव्होर्नो बंदरातील फिलिक्की बंधूंच्या पेढीशी त्यांचे घरोब्याचे संबंध होते. संसार सुखाचा सुरू झाला. ॲना मारिया, विल्यम, रिचर्ड, कॅथरिन आणि रिबेका अशी पाच मुले झाली.

या सुखाच्या दिवसांतही एलिझाबेथ गरिबांना विसरली नव्हती. न्यूयॉर्कमध्ये १७९७ साली काही स्त्रियांनी एकत्र येऊन लहान मुले असलेल्या गरीब विधवांना मदत करणारी संस्था काढली. त्यात एलिझाबेथ सुरुवातीपासून होती आणि संस्थेचा हिशेबही ती पाहत असे. थोड्याच वर्षांत आपल्यालाच अशा मदतीकडे डोळे लावून बसावे लागेल, हे तिच्या स्वप्नातही नव्हते.

संकटांची रांग

सासरे १७९८ साली वारले. त्यांची धाकटी मुले, म्हणजे एलिझाबेथचे लहान दीर व नणंदा, तिच्या पदरात आली. घर एकदम भरून गेले. या मुलांना एलिझाबेथ घरीच शिकवू लागली. शिक्षिका म्हणून तिची पहिली शाळा ही अशी स्वयंपाकघराच्या आणि पाळण्याच्या मध्ये भरली.

दरम्यान युरोपातील युद्धांमुळे समुद्रावरचा व्यापार धोक्यात आला. जहाजे बुडाली, काही लुटली गेली. एलिझाबेथ रात्री जागून पतीला हिशेबाच्या वह्या लिहायला मदत करीत असे. तरीही पेढी वाचली नाही. सीटन कुटुंबाचे दिवाळे निघाले. १८०१ साली तिचे वडील बंदरावर उतरणाऱ्या आजारी आयरिश स्थलांतरितांवर उपचार करता करता तापाने दगावले. आणि पती विल्यमचा जुना क्षयरोग बळावला.

हवापालट झाला तर बरे वाटेल, या आशेने १८०३च्या ऑक्टोबरमध्ये पतिपत्नी इटलीला निघाले. बरोबर आठ वर्षांची थोरली मुलगी ॲना मारिया होती. बाकीची चार मुले नातलगांकडे ठेवावी लागली. जहाज लिव्होर्नोला लागले खरे. परंतु न्यूयॉर्कमध्ये पीतज्वराची साथ असल्यामुळे तेथून आलेल्या सीटन कुटुंबाला किनाऱ्यावरील विलगीकरणाच्या इमारतीत डांबून ठेवण्यात आले. नोव्हेंबर-डिसेंबरची थंडी, दगडी भिंती, समुद्रावरचा बोचरा वारा आणि खोकून रक्त ओकणारा नवरा. सुमारे एक महिना एलिझाबेथने त्या खोलीत पतीची शुश्रूषा केली, मुलीला धीर दिला, तिघांनी मिळून प्रार्थना केली. तेथून सुटका झाल्यावर अवघ्या आठ दिवसांत, २७ डिसेंबर १८०३ रोजी, पिसा शहरात विल्यमने देह ठेवला. एलिझाबेथ तेव्हा एकोणतीस वर्षांची होती.

नवा विश्वास, नवी परीक्षा

फिलिक्की कुटुंबाने या परक्या विधवेला आणि तिच्या मुलीला आपल्या घरी ठेवून घेतले. ते भाविक कॅथलिक होते. त्यांच्याबरोबर ती मिस्साला जाऊ लागली. पवित्र साक्रामेंतात प्रभू येशू खरोखर उपस्थित आहे, या श्रद्धेने तिच्या मनाची पकड घेतली. लहानपणीच आईला पारखी झालेल्या एलिझाबेथला पवित्र मरियेच्या रूपाने आई भेटली.

जून १८०४ मध्ये ती न्यूयॉर्कला परतली. जिवाभावाची नणंद रिबेका महिन्याभरातच वारली. आता एलिझाबेथ खऱ्या अर्थाने एकटी होती आणि तिच्यापुढे मोठा पेच होता. मन कॅथलिक श्रद्धेकडे ओढ घेत होते. पण न्यूयॉर्क शहरात त्या वेळी कॅथलिकांचे एकच चर्च होते, बार्कले रस्त्यावरील संत पीटरचे. तिथे येणारे बहुतेक लोक गरीब आयरिश स्थलांतरित होते. प्रतिष्ठित घराण्यांच्या नजरेत ते चर्च म्हणजे हमालांचे आणि मोलकरणींचे. आपण तिकडे गेलो तर नातलग तोंड फिरवतील, मग पाच लेकरांच्या पोटाला आणि शाळेला पैसा कोठून येणार? जवळजवळ वर्षभर ती या विचारात तळमळत राहिली. तिचे पूर्वीचे धर्मगुरू विद्वान आणि तिच्यावर मनापासून माया करणारे होते. त्यांचे मन दुखावणे तिला जड गेले.

अखेर १४ मार्च १८०५ रोजी तिने संत पीटर चर्चमध्ये कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. २५ मार्च रोजी, देवदूताच्या निरोपाच्या सणाच्या दिवशी, तिने प्रथम कम्युनियन घेतले.

शाळेचा शोध

भीती खरी ठरली. जवळच्यांपैकी काहींनी साथ दिली; पण अनेकांनी संबंध तोडले. पोटासाठी काहीतरी करणे भाग होते. एका इंग्रज जोडप्याच्या साथीने तिने शाळा काढण्याचे ठरवले. मुलांना कॅथलिक करण्यासाठीच ही शाळा आहे, अशी आवई उठली आणि ती शाळा काही महिन्यांतच बंद पडली. मग तिने एका प्रोटेस्टंट धर्मगुरूंच्या शाळेत शिकणाऱ्या मुलांसाठी खाणावळ आणि वसतिगृह चालवायला घेतले. दिवसभर स्वयंपाक, कपडे, शिवणटिपण आणि परक्या मुलांचा गोंधळ. चार पैसे मिळत. पण स्वतःच्या मुलांकडे पाहायला वेळ उरत नसे. पुढे धाकटी नणंद सिसिलिया हिनेही कॅथलिक पंथ स्वीकारला, तेव्हा लोकांचा राग पुन्हा उफाळला आणि वसतिगृहातील मुलेही एकेक करून कमी होऊ लागली.

या सगळ्यात तिला सर्वांत जास्त बोचत होती ती मुलांच्या शिक्षणाची काळजी. विल्यम आणि रिचर्ड मोठे होत होते. आईने आपला धर्म बदलला म्हणून त्यांना टोमणे ऐकावे लागत होते. शहरात शाळा होत्या, चांगल्याही होत्या. पण घरी आई जे शिकवते त्याच्या नेमके उलटे बाहेर ऐकून मुलांचे मन दुभंगेल, असे तिला वाटे.

तिने एकटीने निर्णय घेतला नाही. बाल्टिमोरचे बिशप जॉन कॅरल यांना तिने पत्रे लिहिली. बोस्टनमधील फ्रेंच धर्मगुरूंचा सल्ला घेतला. अंतोनिओ फिलिक्की हा तर भावासारखा पाठीशी उभा होता. कॅनडातील मॉन्ट्रियल येथे मुलांना पाठवावे, असाही विचार झाला. तिथे कॅथलिक वातावरण होते, धर्मगुरूंचे उत्तम विद्यालय होते. पण अंतर फार आणि देश परका. शेवटी १८०६ साली विल्यम आणि रिचर्ड यांना जॉर्जटाउन येथील विद्यालयात पाठवण्यात आले. हे विद्यालय बिशप कॅरल यांनीच स्थापन केले होते. खर्चाचा भार मुख्यतः फिलिक्की यांनी उचलला. एके काळी इतर विधवांना मदत वाटणारी एलिझाबेथ आता स्वतः मदतीचा हात पुढे करीत होती. मुलांसाठी तिने अभिमान गिळला, त्यात तिला कमीपणा वाटला नाही.

प्रश्न मात्र अर्धाच सुटला होता. दहा आणि आठ वर्षांची मुले दूर जॉर्जटाउनला, आई आणि तीन मुली न्यूयॉर्कला. पत्र जायला-यायला दिवसचे दिवस लागत. मुलींसाठी तर काहीच सोय नव्हती. घराचे दोन तुकडे झाले होते.

बाल्टिमोरची वाट

त्याच १८०६ साली नोव्हेंबर महिन्यात न्यूयॉर्कच्या चर्चमध्ये फादर विल्यम दुबुर्ग यांच्याशी तिची भेट झाली. ते सल्पिशियन संस्थेचे फ्रेंच धर्मगुरू आणि बाल्टिमोरच्या सेंट मेरीज कॉलेजचे प्रमुख होते. फ्रान्समधील राज्यक्रांतीच्या धामधुमीत या संस्थेच्या धर्मगुरूंनी अमेरिकेत येऊन १७९१ साली बाल्टिमोरला देशातील पहिली कॅथलिक सेमिनरी सुरू केली होती. फादरांनी एलिझाबेथपुढे एक प्रस्ताव ठेवला. तिने बाल्टिमोरला यावे, कॉलेजच्या शेजारीच घर घ्यावे आणि तिथे मुलींची लहानशी शाळा चालवावी. तिची मुले त्याच आवारातील कॉलेजात शिकतील.

बाल्टिमोर हे तेव्हा झपाट्याने वाढणारे शहर होते. १८१०च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ४६ हजारांच्या वर गेली होती. अमेरिकेतील पहिला कॅथलिक धर्मप्रांत १७८९ साली तिथेच स्थापन झाला होता. कॅथलिक असल्याची लाज वाटावी असे तिथे काही नव्हते. तरी निर्णय सोपा नव्हता. न्यूयॉर्कमध्ये तिचा जन्म झाला होता, आईवडिलांच्या आठवणी तिथेच होत्या, नाराज का होईना पण नातलग तिथेच होते. नवीन शहरात शाळा चालली नाही तर परतायला घरही उरणार नव्हते.

तिने नीट विचार केला. मुलांच्या शाळेची पारख करताना तिने केवळ नाव पाहिले नाही. शिकवणारी माणसे कशी आहेत, मुले आईच्या नजरेसमोर राहतील का, घरची प्रार्थना आणि शाळेची प्रार्थना एक असेल का, आणि आपण कष्ट करून त्यांना पोसू शकू का, हे सारे तिने तोलून पाहिले. मग सामान बांधले.

जून १८०८ मध्ये तिन्ही मुलींना घेऊन ती जहाजाने न्यूयॉर्कहून निघाली. प्रवासाला आठवडा लागला. १६ जून रोजी ती बाल्टिमोरला पोहोचली. तो दिवस ख्रिस्तशरीराच्या सणाचा होता आणि सेमिनरीच्या नव्या चॅपलचे त्याच दिवशी आशीर्वादन होत होते. घोडागाडी थेट चॅपलच्या दाराशी थांबली. आत मिस्सा चालू होती, ऑर्गनचे सूर घुमत होते. ज्या साक्रामेंतासाठी तिने सारे सोडले, त्याच्याच सणाच्या दिवशी तिचे नव्या शहरात असे स्वागत झाले. थोड्याच दिवसांत विल्यम आणि रिचर्ड यांनाही जॉर्जटाउनहून आणण्यात आले. कित्येक महिन्यांनी पाचही भावंडे आईभोवती जमली.

पाका रस्त्यावरील विटांचे ते छोटेसे दुमजली घर आजही जपून ठेवलेले आहे. तिथे एलिझाबेथची शाळा भरू लागली. तिच्या स्वतःच्या तीन मुली आणि आणखी मोजक्या काही, एवढाच पट होता. सकाळी मिस्सा, मग वाचन, लेखन, गणित, फ्रेंच, शिवणकाम आणि धर्मशिक्षण. चॅपल हाकेच्या अंतरावर आणि मुलगे शेजारच्या कॉलेजात. ती मुलींना प्रथम कम्युनियनसाठी स्वतः तयार करीत असे. घर, शाळा आणि चर्च यांच्यातले अंतर तिच्यापुरते तरी मिटले होते.

गावाकडची मोफत शाळा

तिच्या या कामाकडे पाहून काही तरुणी तिला येऊन मिळाल्या. २५ मार्च १८०९ रोजी, म्हणजे आपल्या प्रथम कम्युनियननंतर बरोबर चार वर्षांनी, तिने बिशप कॅरल यांच्यासमोर व्रते घेतली. तेव्हापासून लोक तिला मदर सीटन म्हणू लागले.

फीची शाळा ठीक होती. पण गरिबांच्या मुलींचे काय, हा विचार मदर सीटन यांना स्वस्थ बसू देत नव्हता. देवाने वाट काढली. सॅम्युएल कूपर नावाचे एक श्रीमंत व्यापारी कॅथलिक होऊन धर्मगुरू होण्यासाठी सेमिनरीत दाखल झाले होते. त्यांनी गरीब मुलींच्या शिक्षणासाठी आपला पैसा देऊ केला. त्यातून बाल्टिमोरपासून सुमारे ८० किलोमीटर अंतरावरील एमिट्सबर्ग या खेड्याजवळ जमीन घेण्यात आली. जून १८०९ मध्ये मदर सीटन तिकडे निघाल्या. ३१ जुलै १८०९ रोजी एका जुन्या दगडी शेतघरात त्यांच्या धर्मभगिनींच्या संघाचे जीवन सुरू झाले. अमेरिकेच्या मातीत स्थापन झालेला सक्रिय सेवा करणाऱ्या धर्मभगिनींचा हा पहिला संघ होय. पुढे त्यांनी संत व्हिन्सेंट दे पॉल यांच्या धर्मभगिनींची नियमावली तेथील परिस्थितीला जुळवून घेतली.

पहिला हिवाळा फार खडतर गेला. घर लहान, माणसे जास्त. माळ्यावर झोपणाऱ्यांच्या अंगावर फटींतून बर्फ येई. जेवण साधेच, तेही बेताचे. त्यातच नणंद हॅरियेट त्याच डिसेंबरमध्ये आणि सिसिलिया पुढच्या एप्रिलमध्ये देवाघरी गेली. दोघींनाही त्यांनी लेकींसारखे सांभाळले होते.

पण काम थांबले नाही. २२ फेब्रुवारी १८१० रोजी सेंट जोसेफ मोफत शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी गावातील तीनच मुली आल्या. काही महिन्यांत फी देऊन राहणाऱ्या मुलीही येऊ लागल्या. ज्यांची ऐपत आहे त्यांच्या फीतून ज्यांची नाही त्यांच्या शिक्षणाचा खर्च भागवायचा, अशी ही व्यवस्था होती. धर्मभगिनींनी चालवलेली मुलींची ही अशी मोफत कॅथलिक शाळा अमेरिकेत पहिलीच मानली जाते. त्यापूर्वीही काही चर्चेसनी लहानमोठ्या शाळा चालवल्या होत्या. परंतु शिकवण्याला आपले जीवन वाहिलेल्या आणि त्यासाठी तयार केलेल्या धर्मभगिनींचे बळ या शाळेतून उभे राहिले. म्हणूनच अमेरिकेतील कॅथलिक शाळांच्या इतिहासात मदर सीटन यांचे नाव आदराने घेतले जाते.

त्या स्वतः वर्गावर्गांतून फिरत. नव्या शिक्षिकांना शिकवत. फ्रेंच भाषेतील धार्मिक पुस्तकांचे भाषांतर करून देत. मारझोड त्यांना पसंत नव्हती. आपल्या विद्यार्थिनींनी मठातच यावे, असा त्यांचा हट्ट मुळीच नव्हता. ज्या संसारात या मुली उद्या जाणार आहेत, त्या संसारात देवाला धरून कसे राहावे, हे शिकवणे त्यांना महत्त्वाचे वाटे. शाळा सोडून गेलेल्या मुलींनाही त्या पत्रे लिहीत.

आईपण सोडले नाही

मदर सीटन यांच्या जीवनातील एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. धर्मभगिनींच्या संघाची प्रमुख झाल्यावरही त्यांनी आपले आईपण सोडले नाही. मुलांबाबतचे आपले कर्तव्य पहिले राहील, हे त्यांनी बिशप कॅरल यांना स्पष्टपणे कळवले होते आणि बिशपांनीही ते मान्य केले. संघाच्या नियमांतही त्यासाठी सोय ठेवण्यात आली. मुली त्यांच्याजवळ राहत आणि मुलगे जवळच डोंगरावरील सेंट मेरीज विद्यालयात शिकत.

मात्र चांगली शाळा दिली म्हणजे मुलांची आयुष्ये आखल्याप्रमाणे जातात, असे नाही. थोरली ॲना मारिया १२ मार्च १८१२ रोजी, सतराव्या वर्षात, क्षयाने गेली. बापाच्या मरणाच्या वेळी आईचा हात धरून उभी राहिलेली ही मुलगी आईच्याच कुशीत गेली. त्या दुःखाने मदर सीटन पार खचल्या; कित्येक महिने त्यांना प्रार्थनेतही गोडी वाटेना. धाकटी रिबेका बर्फावर घसरून पडली, त्या दुखण्यातून ती उठली नाही. ३ नोव्हेंबर १८१६ रोजी, चौदाव्या वर्षी तिचेही निधन झाले.

मुलग्यांची चिंता वेगळीच होती. व्यापार शिकावा म्हणून आधी विल्यमला व नंतर रिचर्डला लिव्होर्नोला फिलिक्की यांच्या पेढीत पाठवले. पण दोघांचेही तिथे बस्तान बसले नाही. विल्यम आरमारात गेला. रिचर्डने आईला बराच घोर लावला. त्या मुलांना पत्रांमागून पत्रे लिहीत. त्यात उपदेशापेक्षा माया अधिक असे. देवाला विसरू नका आणि स्वर्गात आपली सगळ्यांची पुन्हा भेट होऊ द्या, एवढेच त्यांचे मागणे असे. मुलांना हवी तशी घडवता येत नाही. त्यांच्यासाठी वाट तयार करता येते आणि ती चुकली तर प्रार्थना करीत दारात उभे राहता येते, हे या आईने आपल्या जगण्यातून दाखवले.

अखेरचे दिवस आणि वारसा

घराण्यात अनेकांना नेणाऱ्या क्षयरोगाने त्यांनाही सोडले नाही. ४ जानेवारी १८२१ रोजी, वयाच्या अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी, एमिट्सबर्ग येथे धर्मभगिनींच्या प्रार्थनेच्या सोबतीत त्यांनी प्राण सोडला. पाच मुलांपैकी एकटी कॅथरिन त्या वेळी जवळ होती. रिचर्ड १८२३ साली आफ्रिकेच्या किनाऱ्यानजीक समुद्रात वारला. कॅथरिन पुढे न्यूयॉर्कमध्ये दयेच्या धर्मभगिनींच्या संघात गेली, तुरुंगातील कैद्यांची सेवा करीत राहिली आणि १८९१ साली नव्वदी गाठून वारली. विल्यमचा मुलगा रॉबर्ट धर्मगुरू आणि पुढे आर्चबिशप झाला.

मदर सीटन यांच्या हयातीतच त्यांच्या धर्मभगिनी १८१४ साली फिलाडेल्फियाला आणि १८१७ साली न्यूयॉर्कला अनाथ मुलांच्या सेवेसाठी गेल्या होत्या. ज्या न्यूयॉर्कने एके काळी त्यांच्या शाळेवर संशय घेतला, त्याच शहरात त्यांच्या मुली पोरक्या मुलांच्या आया झाल्या. पुढे स्थलांतरितांच्या लाटा अमेरिकेच्या शहरांत येऊ लागल्या, तसतशी चर्चच्या शाळांची गरज वाढत गेली. फिलाडेल्फियाचे बिशप संत जॉन न्यूमन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आपल्या धर्मप्रांतात अशा शाळांचे जाळे विणले. १८८४ साली बाल्टिमोर येथे भरलेल्या बिशपांच्या महासभेने तर प्रत्येक चर्चजवळ शाळा असावी, असे ठरवले. परक्या शहरात आलेल्या, भाषा नीट न येणाऱ्या लक्षावधी कुटुंबांना या शाळांनी आधार दिला. त्याची एक सुरुवात पाका रस्त्यावरच्या त्या लहान घरात आणि एमिट्सबर्गच्या तीन मुलींच्या वर्गात झाली होती.

पोप जॉन तेविसावे यांनी १७ मार्च १९६३ रोजी मदर सीटन यांना धन्य घोषित केले. १४ सप्टेंबर १९७५ रोजी पोप पॉल सहावे यांनी त्यांना संतपद बहाल केले. अमेरिकेत जन्मलेल्या व्यक्तीला संतपद मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

आपल्यासाठी

प्रिय पालकहो, आपणही आपल्या मुलांसाठी शाळा शोधत असाल. नवीन शहरात कोणी ओळखीचे नसेल, प्रवेशाच्या रांगेत मन खट्टू होत असेल. अशा वेळी या आईची आठवण करा. तिने घाईने निर्णय घेतला नाही आणि लोक काय म्हणतील म्हणून निर्णय टाळलाही नाही. जाणत्या माणसांना विचारले. मदत मागायला ती लाजली नाही. भावंडांना शक्यतो एकत्र ठेवले. शाळेची पायरी चढण्याआधी चर्चची पायरी चढली. नवीन गावात गेल्यावर आपणही प्रथम तेथील धर्मग्रामात जाऊन फादरांना, सिस्टरांना आणि शेजारच्या कुटुंबांना भेटावे. मुले तिथल्या शाळेत कशी जातात, तिथले शिक्षक कसे आहेत, दुबळ्या मुलाकडे तिथे कसे पाहतात, फीची सवलत आहे का, हे मोकळेपणाने विचारावे.

कॅथलिक शाळेत प्रवेश मिळाला तर देवाचे आभार माना. पण धर्मशिक्षण आता शाळेचे काम, असे समजून घरची संध्याकाळची प्रार्थना बंद करू नका. प्रवेश नाही मिळाला तरी खचू नका. मुलाची पहिली शाळा आईची मांडीच असते. रविवारची मिस्सा, धर्मशिक्षणाचा वर्ग आणि रात्रीचा रोजरी यांना प्रवेशपरीक्षा नाही आणि फीही नाही. आणि ज्यांची मुले आता मोठी होऊन चांगल्या नोकऱ्यांत आहेत, त्यांनी गरिबाच्या एखाद्या मुलाच्या फीचा भार उचलावा. फिलिक्की यांनी उचललेला तसाच भार पुढे किती जणांच्या उपयोगी पडला, हे आपण पाहिलेच.

हे संत एलिझाबेथ ॲन सीटन, आमच्या मुलांसाठी, त्यांच्या शिक्षकांसाठी आणि नव्या शहरात पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येक कुटुंबासाठी विनंती कर.